पान, फूल आणि दादाचा उलटा ठसा



आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय ९, श्लोक २६.

आधीच सांगून ठेवतो, हा श्लोक मी निवडलेला नाही. रोज एक याप्रमाणे नववा अध्याय चालू आहे, त्यात तो आपसूक आला. पुढचं वाचून तुम्हाला वाटेल की याने घरातली गोष्ट आधी ठरवली आणि मग तिला शोभेल असा श्लोक शोधला. तसं नाही. उलट हा श्लोक नेमका या आठवड्यात आला नसता तर बरं झालं असतं, असं मला दोन दिवस वाटत होतं.

श्लोक आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. पान, फूल, फळ, पाणी, यातलं काहीही जो मला भक्तीने देतो, त्या शुद्ध मनाच्या माणसाने भक्तीने आणलेलं ते मी खातो, असं भगवंत सांगतात. पूजा सांगणारे गुरुजी याचा अर्थ हमखास असा सांगतात की घरात काही नसलं तरी अडत नाही, तुळशीचं पान ठेवा, पोचतं. खरंच आहे ते. मीही इतकी वर्षं तेवढाच अर्थ धरून होतो. देवाची मिनिमम रिक्वायरमेंट किती कमी आहे बघा, असं ऑफिसातल्या मित्रांना सांगायचो.

आता रविवारची गोष्ट.

सकाळी सातला फॅमिली ग्रुपवर वहिनीचे फोटो आले. टोरांटोत तेव्हा शनिवारची रात्र. तिकडे दिवसभर बर्फ पडत होता, दारातली गाडी निम्मी बुडालेली, बाहेर पडायची सोय नाही. मग पुतणीने घरात बसून ग्रीटिंग कार्डं केली होती. बटाटा अर्धा कापायचा, त्यावर चांदणी कोरायची, निळ्या रंगात बुडवायची आणि कार्डावर ठसा मारायचा. टेबलभर निळ्या चांदण्या आणि मागे खिडकीत सगळं पांढरंशुभ्र. खाली वहिनीने लिहिलं होतं, "एक आजीसाठी आहे."

दादाने काही लिहिलं नव्हतं. दादा त्या ग्रुपवर लिहीत नाही. मी ज्या ग्रुपवर आहे तिथे तो गेलं वर्षभर लिहीत नाही.

माझी मुलगी सहा वर्षांची. तिने फोटो बघितले आणि पहिला प्रश्न, "बाबा, आपल्याकडे बर्फ कधी पडणार?" म्हटलं, बाई गं, आपल्या संभाजीनगरात डिसेंबरमध्ये पारा दहाच्या खाली गेला तरी लोक कानटोपी घालून फोटो टाकतात. बर्फाचं नाव काढू नकोस. मराठवाड्यात शेतं पांढरी झालेली मी एकदाच पाहिली आहेत, २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीच्या फोटोंत, आणि त्या पांढऱ्याला कोणी सुंदर म्हटलं नव्हतं. हे सगळं तिला कशाला सांगायचं! तिचं ठरलं होतं. बर्फ नसला तरी बटाटा आहे. कार्डं करायची.

आता इथे थोडं मागे जावं लागेल.

आमच्या घरी कार्डांचा कारखाना दर डिसेंबरात असायचाच. दिवाळीचा नाही, संक्रांतीचा. तुमच्यातल्या ज्यांचा जन्म दोन हजारनंतरचा आहे त्यांना हे माहीत नसेल, पण पूर्वी संक्रांतीला लोक पोस्टाने तिळगूळ पाठवायचे. छोटंसं भेटकार्ड, त्यावर पतंग किंवा सुगड, "तिळगूळ घ्या, गोड बोला" असं छापलेलं, आणि आत चिकटवलेली हलव्याची इवलीशी पुडी. दुकानात तयार मिळायची. बाबा विकत आणायचे नाहीत. ते हायस्कूलला गणित शिकवायचे आणि त्यांचं म्हणणं, छापलेल्यावर नुसती सही करून पाठवायची तर ती हजेरी झाली. मग डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी जेवणं झाली की चटईवर वर्तमानपत्र पसरायचं, शाईचं पॅड उघडायचं, आणि बाबांनी खोडरबरवर ब्लेडने कोरलेले ठसे निघायचे. सुगड, पतंग, तिळाचं फूल. आणि अक्षरांचा ठसा, "गोड बोला". चाळीसेक कार्डं व्हायची. पत्त्यांची वही दादाकडे, पुड्या माझ्याकडे. चाळिसातल्या पाच पुड्यांतला हलवा जागेवर पोचायचा नाही, त्याचा हिशेब मी आजवर कोणाला दिलेला नाही.

कागद कागजीपुऱ्याचा. दौलताबादचा किल्ला मागे टाकून खुलताबादकडे जाताना हे गाव लागतं. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली, तेव्हा आलेल्या कारागिरांनी इथे हातकागद सुरू केला, असं परंपरेने सांगतात. बाबा आम्हाला स्कूटरवर घेऊन जायचे. मी पुढे उभा, दादा मागे. तिथे पहिल्यांदा पाहिलं की कागद झाडाचाच असावा लागतो असं नाही. सुती चिंध्या कुटून कुटून त्यांचा लगदा करायचा, तो हौदातल्या पाण्यात पातळ ताकासारखा कालवायचा, मग चाळणीसारखा साचा त्यात बुडवून अलगद आडवा उचलायचा. पाणी निथळून जातं, वर धाग्यांचा ओला थर उरतो. तोच कागद. दाबून, वाळवून, मग घोटायचा. कोणाचा तरी फाटका सदरा, कोणाचं तरी जुनं धोतर, आणि त्यावर आमचं "गोड बोला". दादाला हे फार आवडायचं. तो कागद उजेडात धरून धागा शोधायचा.

येताना किल्ल्यासमोर उसाचा रस आणि बाबांची ठरलेली गोष्ट. जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार, आणि पैठणहून आलेले लहानगे एकनाथ त्यांच्याकडे. हिशेबात एका पैची चूक राहिली, ती नाथांनी रात्रभर दिव्याशी बसून शोधली आणि सापडल्यावर आनंदाने टाळी वाजवली. स्वामी म्हणाले, एका पैसाठी एवढा आनंद, तर मग संसाराच्या हिशेबातली चूक सापडल्यावर केवढा होईल! बाबा गणिताचे शिक्षक, त्यामुळे त्यांना टाळीपेक्षा पै महत्त्वाची वाटायची. "हिशेब जुळत नसेल तर चूक आपण ज्या पानावर बघत नाही तिथे असते," हे त्यांचं वाक्य मी प्रोडक्शनमध्ये बग आला की अजून म्हणतो. (आणि दर वेळी बग माझ्याच कोडमध्ये सापडतो. असो.)

तर रविवारी मुलीसाठी मी माळ्यावरून बाबांचा डबा काढला. बिस्किटांचा पत्र्याचा डबा. बाबांना जाऊन वर्ष झालं, त्याला कोणी हात लावला नव्हता. आत कागजीपुऱ्याचे नऊ ताव, कडा पिवळ्या पडलेल्या. शाईचं पॅड दगडासारखं. आणि ठसे. "गोड बोला" दोन होते. एक बाबांचा, अक्षरं उलटी कोरलेली, म्हणजे ठशावर बघून वाचता येत नाही, कागदावर दाबलं की सुलटी उमटतात. दुसरा दादाचा. तो अकरा वर्षांचा असताना त्याने हट्टाने स्वतः कोरला होता आणि अक्षरं उलटी करायला विसरला होता. ठशावर छान वाचता येतं. कागदावर मात्र आरशात बघितल्यासारखं उमटतं. त्या दिवशी आम्ही दोघं हसून हसून चटईवर लोळलो होतो. बाबांनी तो फेकला नाही, जपून ठेवला, हे मला रविवारी कळलं.

आता थोडं ठसेकामाबद्दल, कारण दोन-चार जण नक्की विचारतील. भेंडी देठाकडून जाड असते, तिथे कापली की पाच पाकळ्यांचं फूल आयतं मिळतं. पण कापल्या कापल्या रंगात बुडवायची नाही, तिच्या बुळबुळीतपणावर रंग टिकत नाही, फडक्याने टिपून दहा मिनिटं सुकू द्यायची. कागदाखाली दोन-तीन वर्तमानपत्रं घ्यायची, म्हणजे ठसा सगळीकडून सारखा बसतो. हातकागद शाई पितो, त्यामुळे रंग दाटच हवा. पानाचा ठसा घ्यायचा तर रंग पानाच्या मागच्या बाजूला लावायचा, शिरा तिकडे उठून असतात.

पान कुठलं, यावर चर्चा झाली. मुलगी कुंडीतल्या तुळशीकडे वळली तशी आई आतून म्हणाली, "रविवारी तुळस तोडत नाहीत गं." मग खाली गेलो. कंपाउंडच्या भिंतीच्या फटीतून पिंपळ आला आहे, सोसायटी दर मीटिंगला तो काढायचा ठराव करते आणि काढत नाही. त्याची चार पानं घेतली. झाडांमध्ये अश्वत्थ मी, असं भगवंतांनी पुढच्याच अध्यायात म्हटलं आहे, आणि योगायोग बघा, तोही सव्विसावाच श्लोक.

दुपारपर्यंत मुलीची अकरा कार्डं झाली. भेंडीची फुलं, बटाट्याचे पतंग, एकावर तिचा स्वतःचा अंगठा. एक तिने टोरांटोच्या ताईसाठी वेगळं ठेवलं. मी बाजूला बसून माझं एक करत होतो. दादासाठी.

मुलीला बघून मला उमाळा आला होता असं सांगितलं तर गोष्ट छान होईल. पण मी ते कार्ड कशासाठी करत होतो ते मला नीट माहीत होतं. सगळ्यात चांगला ताव घेतला, मधोमध बाबांचा "गोड बोला" मारला, लाल शाईत, अगदी सुरेख उमटला. आत माझ्या अक्षरात लिहिलं, "बाबांनी शेवटपर्यंत तुझी वाट पाहिली. संक्रांतीच्या शुभेच्छा."

बायकोने वाचलं. म्हणाली, "हे शुभेच्छापत्र आहे की नोटीस?"

मी चिडलो. म्हटलं, खोटं आहे का त्यात काही? ती म्हणाली, "नाही ना. म्हणून तर." आणि भेंड्यांची उरलेली टोकं गोळा करून आत गेली.

मागच्या वर्षीचं सांगतो. बाबा अतिदक्षता विभागात होते, सहावा दिवस. दादाचा फोन आला, तिकीट मिळत नाही, एक-दोन दिवस लागतील. मी रात्रीचा जागा, समोर बिलाचे कागद. मी त्याला म्हणालो, "तू बर्फ उपस. इथलं आम्ही बघतो." एवढंच. फोन ठेवला. बाबा दुसऱ्या दिवशी पहाटे गेले. दादा तिसऱ्या दिवशी पोचला, अस्थींच्या वेळी. आम्ही दोघं पैठणला गोदावरीवर गेलो. जाताना-येताना मिळून शंभर किलोमीटर, गाडीत एक शब्द नाही. त्यानंतर आईच्या फोनवरून "बरा आहेस ना" एवढंच.

तर संध्याकाळी, कार्ड पाकिटात घालून टेबलावर ठेवलेलं, आणि मी नेहमीप्रमाणे दुसऱ्या दिवसाच्या चिंतनाची तयारी करायला ज्ञानेश्वरी उघडली. अध्याय नववा. श्लोक सव्विसावा.

माउली या श्लोकावर थांबतात, घाई करत नाहीत. एकेक वस्तू हातात घेऊन दाखवतात. भक्ताने फळ नुसतं पुढे केलं की देव दोन्ही हात पसरतो आणि देठसुद्धा न काढता ते खातो. फूल ही खरं तर वास घ्यायची गोष्ट, पण भक्ताने दिलं म्हणून तेही तो तोंडातच घालतो. पान ताजं नसलं, पार वाळलेलं असलं तरी चालतं, भुकेल्याला अमृत मिळावं तसा तो त्यावर तुटून पडतो. आणि पानही मिळत नसेल तर पाण्याची तर टंचाई नाही ना? (माउली मराठवाड्यातल्याच आपेगावचे. उन्हाळ्यात आमच्याकडचं टँकरचं वेळापत्रक त्यांनी पाहिलं नव्हतं, नाहीतर उदाहरण बदललं असतं, असं बाबा गमतीने म्हणायचे.) वाळलेल्या पानाचा प्रयोग आम्ही सकाळीच केला होता. रंग लावताना त्याचा चुरा झाला. देवाला चालतं, पोस्टर कलरला चालत नाही.

हे हसत हसत वाचत होतो आणि मग अडकलो.

आजवर मी हा श्लोक देणाऱ्याच्या बाजूने वाचत आलो होतो. काय चालतं? पान चालतं. किती चालतं? थोडं चालतं. पण माउली दाखवतायत ते घेणाऱ्याचं तोंड आहे. तो तपासत नाही. फूल खायचं असतं का, देठ काढायचा असतो का, हे बघत नाही. आपल्या माणसाने दिलं म्हटल्यावर हात पुढे करतो आणि खातो. जो न तपासता खातो त्याला काय द्यायचं, ही मग सगळी जबाबदारी कोणाकडे आली? आणि म्हणूनच त्या दोन ओळींच्या श्लोकात भक्ती हा शब्द दोनदा आला आहे, शिवाय मन शुद्ध असलेला, हे आणखी वेगळं. आपल्या भाषेत सांगायचं तर वस्तूवर काही व्हॅलिडेशन नाही, रिकामं सोडा, काहीही टाका. देणाऱ्याच्या मनावर मात्र तीनदा आहे.

दादा ते पाकीट उघडणार होता. माझं अक्षर बघून कदाचित बाजूला ठेवलं असतं, पण आतला कागद कागजीपुऱ्याचा आहे हे त्याला बोटांनीच कळलं असतं. त्याने तो उजेडात धरला असता, धागा शोधला असता. बाबांचा ठसा बघितला असता. म्हणजे त्याने पूर्ण विश्वासाने तोंड उघडलं असतं आणि मग मी आत ठेवलेलं त्याच्या घशात गेलं असतं. हे मी न कळत केलं असं नाही. ठसा निवडला होताच त्यासाठी.

मी कार्ड पाकिटातून काढलं. फाडलं नाही, बाबांचा ठसा फाडवेना. डब्यात परत ठेवलं.

पण दुसरं करायला बसलो तर हात चालेना. "झालं गेलं विसरू या" असं लिहायला घेतलं, तेही खोटं वाटलं. मी काही विसरलो नव्हतो. मग तसाच बसून राहिलो आणि बाबांची ती पै आठवली. हिशेब जुळत नसेल तर चूक आपण बघत नाही त्या पानावर. माझ्या वहीत दादाच्या नावे सगळं लिहिलेलं होतं. आला नाही, उशिरा आला, बोलला नाही. मी ज्या पानाकडे बघत नव्हतो ते ऑगस्टचं पान होतं.

बाबांना डिसेंबरात हलवलं, पण पहिला त्रास ऑगस्टमध्ये झाला होता. तेव्हा दादाने फोन करून विचारलं होतं, "मी येऊ का? सुट्टी आहे माझी, आत्ता येता येईल." आणि मी म्हणालो होतो, "काही गरज नाही रे, रूटीन आहे. उगाच खर्च करू नकोस." डॉक्टर तसं म्हणाले नव्हते. डॉक्टर म्हणाले होते, काळजी घ्या, सांगता येत नाही. मग मी असं का म्हणालो? मोठा मुलगा येणार, घर त्याच्याभोवती फिरणार, आईबाबा त्याच्याशी बोलत बसणार, आणि मी औषधं आणत राहणार. रोजचं करणारा मी. हे तेव्हा मी स्वतःशीसुद्धा बोललो नव्हतो. आईला तर माहीतच नव्हतं की दादाने विचारलं होतं. तिला वर्षभर वाटत होतं, थोरला आला नाही. आणि दादाने तिला सांगितलं नव्हतं. एकदाही नाही.

याच श्लोकाशी माउली सुदाम्याच्या पोह्यांची आठवण काढतात. ती गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो ती गरिबीची म्हणून. मूठभर पोहे, तेही शेजारून मागून आणलेले. पण त्यातलं एक दृश्य बघा. सुदाम्याने पुरचुंडी दिलीच नव्हती. त्याला लाज वाटत होती म्हणून त्याने ती काखेत दाबून धरली होती. गाठ कृष्णाने सोडली. द्वारकेत सुदाम्याकडून देवाला जे हवं होतं ते नेमकं तेच होतं, जे तो लपवत होता. सुदाम्याच्या काखेत पोहे होते, निदान खाण्यासारखं होतं काहीतरी. माझ्या काखेत ऑगस्टचा फोन.

आई देवघराशी वाती वळत बसली होती. मी जाऊन खाली बसलो आणि सांगितलं. सगळं, डॉक्टर काय म्हणाले होते तेही. ती बराच वेळ काही बोलली नाही. वाती वळतच राहिली. मग म्हणाली, "आणि त्याने मला काहीच सांगितलं नाही बघ." मला वाटलं रागावेल. रागावली असेलही, मला माहीत नाही, रात्री जेवली कमी. झोपायच्या आधी मात्र येऊन विचारलं, "त्याला कळवणार आहेस ना?"

आपल्याकडे एक नामजप करणारे काका कमेंटमध्ये नेहमी विचारतात, तेच तेच नाव हजार वेळा घेऊन मन कुठे लागतं? मला नेमकं उत्तर सुचायचं नाही. रविवारी मुलीची कार्डं वाळत टाकताना बघितलं, भेंडी एकच, रंग एकच, पण अकरा ठशांत दोन सारखे नव्हते. कुठे हात जोरात, कुठे हलका, कुठे एक पाकळी गायब. काका, ठसा रोज तोच असू द्या. हात रोज वेगळा असतो, तो उमटतो तिथे. याहून जास्त मला सांगता येणार नाही, आणि "गोड बोला"चा इतका सुबक ठसा तसल्या हाताने मारून बसलेल्या माणसाने सांगूही नये.

दुसरं कार्ड रात्री अकराला केलं. पिंपळाचं एक पान उरलं होतं, जरा कोमेजलेलं. हिरवा रंग लावून बाहेरच्या बाजूला दाबलं. शिरा नीट आल्या, टोकाशी थोडं पसरलं. आत, खाली कोपऱ्यात, दादाचा ठसा मारला. त्याचा स्वतःचा. "गोड बोला" उलटं उमटलं, आरशातलं. आणि वर चार ओळी. ऑगस्टमध्ये तू विचारलं होतंस, मी नको म्हणालो, डॉक्टर तसं म्हणाले नव्हते. हे आज आईला सांगितलं. बर्फाचं बोललो ते फार वाईट बोललो. ठसा डब्यात सापडला, बाबांनी ठेवला होता.

शुभेच्छा लिहायच्या राहिल्याच. पाकीट बंद केल्यावर लक्षात आलं.

सोमवारी लंच ब्रेकमध्ये पोस्टात गेलो. मुलीचं ताईसाठीचं कार्डही त्याच पाकिटात घातलं. हलवा घातला नाही, कस्टममध्ये अडकला तर पत्रही अडकायचं. खिडकीवरच्या बाईंनी वजन केलं, कॅनडा वाचलं आणि विचारलं, "आत काय आहे?"

म्हटलं, "पत्र."

घरी येऊन मगच सुचलं की श्लोकातला पहिला शब्दही तोच आहे. तिथे त्याचा अर्थ पान. आमच्या पाकिटात दोन्ही होतं.

संक्रांतीपर्यंत पोचेल का, सांगता येत नाही. ट्रॅकिंग रोज बघतोय, अजून मुंबईच्या पुढे हललेलं नाही. वहिनीने काल ग्रुपवर पुन्हा बर्फाचा फोटो टाकला. या वेळी दादा आहे त्यात, पाठमोरा, हातात फावडं. मी त्याखाली काहीतरी लिहायला घेतलं आणि खोडलं. कार्ड पोचू दे आधी.

उद्या श्लोक २७.

राम कृष्ण हरी.